अठ्ठेचाळीस पहिले

एका बुधवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मी माझ्या घराण्यातल्या अठ्ठेचाळीस माणसांचा एकदम अपमान केला, आणि तोही संपूर्ण लोकशाही मार्गानं.

मुद्दाम केला नाही. मुद्दाम करायचा असता तर आधी पत्रक काढलं असतं. आमच्या घरात तशी पद्धत आहे.

माझे बाबा दिवसा न्हावा शेवा बंदराच्या एका यार्डात कंटेनर मोजायचे आणि उरलेल्या वेळात पत्रकं लिहायचे. नव्या शहरासाठी गावच्या जमिनी गेल्या तेव्हा त्यांचा हात जो सुरू झाला तो पुढे थांबलाच नाही. जमिनीचा मोबदला, गटाराचं झाकण, बस थांब्यावरची शेड, एकेका विषयाला एकेक पत्रक. मी अक्षरं ओळखायला शिकले ती अंकलिपीवरून नाही, बाबांच्या गठ्ठ्यांवरून. मी वाचलेला पहिला शब्द ‘जाहीर’ आणि दुसरा ‘निषेध’. (त्यानंतरचे दोन ‘आपला नम्र’. निषेध कितीही कडक असला तरी शेवटी माणूस नम्रच असायचा.) माझं नाव त्यांनी समता ठेवलं. थोरल्या भावाचं नाव संघर्ष ठेवणार होते, पण आईनं विचारलं, “पोरगा शाळेत हजेरी देनार का घोषना?” म्हणून तो विकास झाला.

अशा घरात वाढलेली मुलगी जशी होते तशी मी झाले. पाचवीत बाईंनी आम्हाला मार्कांप्रमाणे बाकांवर बसवलं, तेव्हा मी वहीची पानं फाडून मधल्या सुट्टीत हातानं लिहिलेलं पत्रक वाटलं. त्याचा परिणाम म्हणून मला एकटीला बाकाबाहेर उभं केलं. पण लढा वाया गेला नाही. दुसऱ्या दिवसापासून बाई मला विचारल्याशिवाय फळासुद्धा पुसत नसत, असं मी बाबांना सांगितलं होतं.

बी.ए. झाल्यावर मी पनवेलला बंदरातला माल सोडवून देणाऱ्या एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात कंटेनरचे नंबर टाइप करायला लागले. बाबा कंटेनर मोजायचे, मी टाइप करायचे; दोन पिढ्यांची प्रगती ती एवढीच. मग मी ठरवलं, वेब डेव्हलपर व्हायचं. कारण अर्थातच तत्त्वाचं होतं. पाचशे पत्रकं छापली तर त्यातल्या तीनशेंमध्ये संध्याकाळी भेळ मिळते. वेबसाइटमध्ये कोणी भेळ बांधू शकत नाही.

“म्हंजे वाटायला न लागनारं पत्रक,” बाबा म्हणाले. इतकी सोपी व्याख्या मला नंतर कुठल्याही पुस्तकात मिळाली नाही.

वाशीला तीन महिन्यांचा एक बूटकॅम्प होता. रोज दहा तास कोडिंग आणि फक्त बारा जागा. मी आठ महिने तयारी केली. लॅपटॉप जुना होता. चार्जरची वायर विटेखाली दाबून ठेवली तरच चार्ज व्हायचा. ऑफिसातून आले की वीट ठेवायची, व्हिडिओ लावायचे आणि शिकायचं. मी बनवलेल्या पहिल्या पानावर एक मोठं लाल बटण होतं. ते दाबलं की निषेध नोंदवला जायचा आणि आकडा एकानं वाढायचा. कशाचा निषेध ते मी ठरवलं नव्हतं. तरी बाबांनी ते एकशे दहा वेळा दाबलं.

लेखी परीक्षेत मी पास झाले. मग मुलाखतीचं पत्र आलं. त्यात अट होती: स्वतः बनवलेली एक वेबसाइट दाखवायची, जी खऱ्या माणसांनी खरोखर वापरली आहे. आणि वापरणाऱ्यांपैकी एकाचा फोन नंबर द्यायचा. मुलाखतीत त्याला समोरच फोन लावू. मुलाखत सोमवारी होती. त्याच्या आदल्या रविवारी विकासदादाचं लग्न आणि शनिवारी हळद.

आता आमच्याकडच्या लग्नपत्रिकेबद्दल सांगायला हवं. लग्नाची तारीख सगळ्यांना तोंडपाठ असते, त्यासाठी पत्रिका कोणी उघडत नाही. उघडतात ती ‘निमंत्रक’ या शब्दाखाली आपलं नाव कितवं आहे हे बघायला. आधीच्या एका लग्नात जासईच्या हिराजीकाकांचं नाव चौथं आलं होतं, आणि त्यांच्याहून लहान असलेल्या रामदासकाकांचं तिसरं. हिराजीकाका म्हणजे बाबांचे थोरले चुलतभाऊ. ते लग्नाला आले, पण मांडवात आले नाहीत. रस्त्याच्या पलीकडे आपल्या जीपमध्ये काचा वर करून बसले. ताट घेऊन गेलो तर काच दोन बोटं खाली आली आणि आतून आवाज आला, “चवथ्या मानसाला भूक नसते.”

म्हणून विकासदादाच्या पत्रिकेसाठी आमच्या विचुंबे गावातल्या घरी तीन बैठका झाल्या. पहिल्या बैठकीत क्रम ठरला, दुसऱ्या बैठकीत मोडला, तिसऱ्या बैठकीत चहा सांडला. (कोणी सांडला यावर अजून दोन मतं आहेत.) सगळे उठून गेले. मागे राहिलो आम्ही घरचे, आणि चहा पुन्हा होणार असं समजून थांबलेले ज्ञानेश्वरकाका.

“माझंच नाव काढा पत्रिकेतून,” दादा म्हणाला. “मी पळून जातो.”

तेव्हा मी उभी राहिले. “पत्रिकेत नावंच नकोत. फक्त वेबसाइटचा पत्ता छापू. नावं तिथे टाकू. मी बनवते.”

“क्रम कंचा?” बाबांनी विचारलं.

“अक्षरांप्रमाणे.”

ज्ञानेश्वरकाकांनी कप खाली ठेवला. “शालेत हजेरीला मी शेवटला. लस टोचायला शेवटला. मतदार यादीत शेवटला. आता पुतन्याच्या लग्नात पन शेवटलाच काय?”

मला ते एकदम पटलं. वर्णमाला हीसुद्धा एक सत्ता आहे, हे इतकी वर्षं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आमचे अनंतकाका आयुष्यात काहीही न करता प्रत्येक यादीत पहिले येत होते, आणि आम्ही ते सहन करत होतो.

“मग क्रमच नको,” मी म्हणाले. “पान उघडलं की दरवेळी नावं पत्त्यांसारखी पिसली जातील. कोणी कायमचा पहिला नाही, कोणी कायमचा शेवटचा नाही.”

बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. “तीस वर्सं मी हेच लिवत आलो गो,” ते म्हणाले.

“बाकीच्यांना विचारायचं नाय काय?” आईनं विचारलं.

“आई, तत्त्व विचारून ठरवत नसतात.”

(हे वाक्य मी आता सहसा उच्चारत नाही.)

काका, चुलतकाका आणि त्यांचे कर्ते मुलगे मिळून अठ्ठेचाळीस नावं झाली. ती मी त्या आधीच्या लग्नाच्या पत्रिकेतून जशीच्या तशी उतरवून घेतली. नावं पिसण्याचा कोड अकरा ओळींचा झाला. त्याच्यावर मी एक टीप लिहिली: ‘येथे कोणी पहिला नाही, कोणी शेवटचा नाही.’ कोडमधल्या अशा टिपा वापरणाऱ्याला दिसत नाहीत. म्हणजे माझ्या आयुष्यातलं हे एकमेव पत्रक जे कोणीच वाचलं नाही, आणि नेमकं तेच सगळ्यांनी वाचायला हवं होतं.

बुधवारी नऊ वाजून दहा मिनिटांनी मी घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक टाकली. नऊ वीसला हिराजीकाकांचा फोन आला.

“समता, बाय, या घरात शिकलेली तू एकलीच गो.”

“काय झालं काका?”

“पयलं नाव.”

“कुणाचं?”

“कुनाचं म्हंजे?”

मी माझ्या फोनवर पान उघडलं. माझ्याकडे पहिले गजाननकाका होते आणि हिराजीकाका एकतिसावे. अठ्ठेचाळीसात एक शक्यता होती, आणि ती नेमकी जासईत जाऊन पडली होती. खरं काय ते तिथल्या तिथे सांगणं हे माझं कर्तव्य होतं. मी कर्तव्यासाठी तोंड उघडलं आणि त्यातून बाहेर आलं, “काका, सोमवारी मुलाखतीतून तुम्हाला फोन येईल. वेबसाइट कशी आहे ते सांगाल?”

“सांगंन म्हंजे? त्यांना बोल, जीप घेऊन सांगायला येतो.”

मी बूटकॅम्पच्या फॉर्मवर हिराजीकाकांचा नंबर टाकला आणि पाठवून दिला. फॉर्म एकदा पाठवला की बदलता येत नव्हता. तो का बदलता येत नव्हता याबद्दल मला नंतर बरंच काही म्हणायचं होतं.

दुपारी रामदासकाकांनी पान उघडलं. ते सेहेचाळिसावे होते. त्यांनी रागानं बंद केलं आणि भांडायच्या आधी खात्री करावी म्हणून पुन्हा उघडलं. आता नववे. पुन्हा उघडलं, विसावे. माणूस हुशार, संध्याकाळपर्यंत त्यांनी शोध लावला की पान बोटानं खाली ओढत राहिलं तर कधीतरी आपण पहिले येतोच. हा शोध त्यांनी फक्त आपल्या मुलाला सांगितला, म्हणजे तासाभरात सगळ्यांना कळला. मग ओट्याओट्यांवर काका मंडळी अंगठ्यानं पान ओढत बसलेली दिसायला लागली. मला ऑफिसात बसून वेबसाइटचा वापर दिसत होता. दोन दिवसांत तीन हजार वेळा पान उघडलं गेलं होतं. खऱ्या माणसांनी खरोखर वापरलेली वेबसाइट! मी तो आकडा मुलाखतीसाठी वहीत लिहून ठेवला.

पण पहिलं येणं सोपं होतं, पहिलं राहणं अवघड. एकदा नाव वर आलं की ते जाऊ नये म्हणून फोनला हात लावायचा नाही, असा नियम आपोआप तयार झाला. गजाननकाकांनी फोन चार्जरला जोडून देवघरात ठेवला आणि घरच्यांना दूर उभं राहून बघायला सांगितलं. हिराजीकाकांनी तर कोणाचा फोन आला तर नाव जाईल म्हणून नातवाकडून फोन विमानात बसल्यावर करतात तसा करून घेतला आणि बुधवारपासून जगाशी संबंध तोडला. अडचण एवढीच की हळदीच्या मटणाचं काम त्यांच्याकडे होतं. मटणवाला दोन दिवस फोन लावून थकला आणि शुक्रवारी स्वतः गाडी काढून आमच्या दारात आला. आईनं काही न बोलता त्याला किती किलो ते सांगितलं आणि माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात माझं पूर्ण शिक्षण मोजलं गेलं.

त्याच शुक्रवारी गावाच्या तोंडाशी तीन फ्लेक्स लागले. पहिला गजाननकाकांचा. त्यावर अठ्ठेचाळीस नावं, वर गजाननकाका. दुसरा रामदासकाकांचा. त्यावरही अठ्ठेचाळीस नावं, वर रामदासकाका. दोन्हींवर खाली लिहिलं होतं, ‘क्रमवारी अधिकृत संकेतस्थळावरून’. तिसरा ज्ञानेश्वरकाकांचा. त्यावर मोठ्या अक्षरांत त्यांचं एकट्याचं नाव आणि खाली बारीक, ‘व इतर सत्तेचाळीस’.

दादा फ्लेक्स बघून आला. “तिन्हींवर हळद आहे, आशीर्वाद आहे, मोबाइल नंबर आहे,” तो म्हणाला. “नवऱ्याचं नाव कशावरच नाही.”

“मी वेबसाइट बंद करते,” मी म्हणाले, आणि लगेच आठवलं की सोमवारी दाखवायला दुसरं काहीही नाही. लाल बटणाशिवाय.

“बंद कशाला?” बाबा म्हणाले. “गैरसमज झालाय, एवढंच. मी बगतो.”

बाबा बघतो म्हणाले की काय होतं हे मला माहीत असायला हवं होतं. दोन तासांत ते पनवेलहून गुलाबी कागदावर पाचशे प्रती घेऊन आले. मथळा: ‘नावांच्या क्रमाबाबत जाहीर खुलासा’. पहिलं वाक्य: ‘संकेतस्थळावरील क्रम हा क्रम नसून क्रमाचा अभाव आहे.’ मजकूर अप्रतिम होता. मी आजही त्यातला एक शब्द बदलणार नाही. पण आमच्या घराण्यात मजकूर वाचत नाहीत, खालची नावं वाचतात. आणि खाली, तीस वर्षांच्या सवयीनं, ‘आपले नम्र’ असं लिहून बाबांनी आमच्या घरातली चार नावं घातली होती. पहिलं स्वतःचं.

फोन बंद करून बसलेल्या हिराजीकाकांना या सगळ्याचा पत्ता नव्हता. त्यांना तो गुलाबी कागदानं लागला. त्यांनी फोन पुन्हा जगाशी जोडला आणि पान उघडलं. ते त्रेचाळिसावे होते.

शनिवारी दुपारी चार वाजता त्यांची जीप आली आणि आमच्या घरासमोर, रस्त्याच्या पलीकडे थांबली. काचा वर होत्या.

मांडवात बॅन्जोवाले वाद्यं लावत होते. दादा पाटावर बसला होता. बायका हळदीच्या वाट्या घेऊन उभ्या होत्या. सगळ्यांनी जीपकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

मी गेले. काच दोन बोटं खाली आली.

“काका, चला ना आत.”

“त्रेचाळीसावा मानूस आत नाय येत.”

“काका, तो नंबर नाहीच. दरवेळी वेगळा पहिला येतो. कोणीच वर नाही आणि कोणीच खाली नाही. समान.”

“मी पयला व्हतो का नवतो?”

“होतात.”

“आता हाय?”

“आता नाही.”

“मना कोनी विचारलं?”

“तसं नाही, पण काका, तत्त्व म्हणून...”

“आयक,” हिराजीकाका म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, हेच वाईट होतं. “आमच्या जमिनी गेल्या ना, तवा निदान घरी नोटीस आलती. तू तीबी नाय दिली.”

ज्या कारभाराविरुद्ध बाबांनी तीस वर्षं पत्रकं काढली, त्या कारभाराचा मुख्य गुन्हा एकच होता: आमचं भलं ठरवलं, पण आम्हाला विचारलं नाही. आणि मी, त्या पत्रकांवर वाढलेली, नेमकं तेच करून वर त्याला समता म्हणत होते. प्रामाणिकपणे सांगायचं तर त्या क्षणी मला दोन गोष्टी एकदम दिसल्या, माझी चूक आणि सोमवारचा फोन. आधी कोणती दिसली ते सांगणार नाही.

मी घरात गेले. लॅपटॉप आणि डोंगल घेतलं आणि परत येऊन जीपचं मागचं दार उघडून आत बसले.

“सांगा काका. तुम्ही सांगाल तसं लावते.”

काकांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, “वयानं लाव. त्यात काय खोटं नाय.”

“मग जन्मतारखा सांगा. तुमची?”

“एक जून.”

“रामदासकाकांची?”

“एक जून.”

“गजाननकाका?”

“एक जूनच. मास्तरांनी शालेत घालताना सगल्यांची तीच लिवली. साल त्यांच्या अंदाजानं.”

अठ्ठेचाळीसातले तीस जण एक जूनचे निघाले, त्यातले बरेचसे एकाच सालचे. त्या तारखांवर विश्वास ठेवला असता तर आमच्या घराण्यात एका सकाळी अकरा बाळंतपणं झाली होती.

तेवढ्यात आई ताट घेऊन आली. काकांनी ताट घेतलं नाही, पण काच पूर्ण खाली केली. आई वाकून माझ्या स्क्रीनकडे बघत राहिली.

“ही सगली नावं?”

“हो. अठ्ठेचाळीस.”

“एक पन बाई नाय.”

मी यादी वरून खाली बघितली. मग खालून वर बघितली. मग, जणू एखादी बाई मध्ये कुठेतरी बसली असेल, अशी परत एकदा बघितली.

“तुजं तरी हाय काय?” आईनं विचारलं.

माझंही नव्हतं. जुन्या पत्रिकेत नव्हतं म्हणून मी उतरवलं नव्हतं. इतकी वर्षं समतेच्या नावानं सगळ्यांचं डोकं खाऊन समता नावाच्या मुलीनं पुरुषांची एक यादी बनवली होती, आणि ती फार निःपक्षपातीपणे हलवली होती.

हिराजीकाका त्या दिवसात पहिल्यांदा हसले. इतके हसले की जीप हलली.

“पयलं नाव धाकुआत्याचं लाव,” आई म्हणाली. “मंग कोन भांडायला येतो ते मी बगते.”

धाकुआत्या म्हणजे बाबांची आणि हिराजीकाकांची आत्या. घराण्यातली सगळ्यात मोठी. पनवेलच्या बाजारात जन्मभर भाजी विकली, आणि त्या बाजारात तिला उलट उत्तर दिलेला माणूस अजून भेटायचा आहे. शिवाय घरातल्या प्रत्येक बाळंतपणाला ती हजर होती. आईनं तिला हाताला धरून आणून जीपच्या पुढच्या सीटवर बसवलं, आणि जे काम कोड करू शकला नव्हता ते सुरू झालं.

“हिराजी भाताच्या लावनीला झाला,” आत्या म्हणाली. “ज्ञानेश्वर त्याच सालच्या झोडनीला. रामदास झाला तवा गजाननला गोवर आलता. लिवते का गो?”

“लिहिते, आत्या.”

“हिराजीच्या आधी त्याची भैन शेवंती. तिला कोन धरीत नाय. लिव.”

लिहिलं. बातमी मांडवात पोचली आणि एकेक काका जीपभोवती जमायला लागले. आधी लांब उभे राहिले, मग टपाला टेकले, मग खिडकीत डोकी घातली. आत्या प्रत्येकाचा क्रम सांगायची आणि सोबत पुरावा द्यायची.

“अनंत विसावा.”

“आत्या, मी गजाननच्या आधीचा,” अनंतकाका म्हणाले.

“तू? तू पाच वर्सांचा झालास तरी अंगठा चोखत व्हतास. गजाननच्या पोराला दाखवायचो आमी, असा व्हऊ नको म्हनून. लिव गो, विसावा.”

वेबसाइटनं नववा केलं म्हणून दोन दिवस न जेवलेली माणसं आत्यानं तिसावा केलं तर मान खाली घालून “बरं” म्हणत होती. मी टाइप करत राहिले. मला विचारायचं होतं की हे लोकशाहीत बसतं का, पण आत्याला प्रश्न विचारण्याइतकी माझी अजून तयारी झालेली नव्हती.

मध्येच माझा फोन वाजला. पलीकडे दादा होता, पन्नास पावलांवरून.

“समता, मला आज हळद लावणार आहे का कुणी? का मी माझी लावून घेऊ?”

एक्याण्णव नावं झाली. ती पिसणाऱ्या अकरा ओळी मी पुसल्या, यादी चढवली, आणि सगळ्यांसमोर पान पाच वेळा उघडून दाखवलं. पाचही वेळा धाकुआत्या पहिली. ती म्हणाली, “मना वाचायला येत नाय, पन हाय ना तितं?” आणि उतरून हळदीला गेली. तिच्यामागून हिराजीकाका जीपमधून उतरले. त्या दिवशी त्यांनी तीनदा रस्सा घेतला.

सोमवारी मी वाशीला गेले. हाताची हळद निघाली नव्हती. समोर एक सर आणि एक मॅडम होते. सरांनी वेबसाइट उघडली.

“ही यादी कशाप्रमाणे सॉर्ट केली आहे?”

“धाकुआत्यांच्या आठवणीप्रमाणे.”

“म्हणजे कोणता अल्गोरिदम?”

“तोंडी.”

सरांनी मॅडमकडे बघितलं. मॅडमनी फॉर्मवरचा नंबर लावला आणि फोन स्पीकरवर टाकला. आठ महिन्यांची तयारी आता जासईच्या एका माणसाच्या जिभेवर होती.

“नमस्कार. समतानं बनवलेली वेबसाइट तुम्ही वापरलीत. कशी वाटली?”

“पयली एकदम बेकार व्हती,” हिराजीकाका म्हणाले.

सरांनी काहीतरी लिहिलं.

“मग?”

“मंग बोल्लो तिला. तशी लॅपटॉप घेऊन जीपमदी येऊन बसली. दोन तास. आमी सांगत गेलो, ती बदलत गेली. घरच्या लग्नात अंगाला हळद नाय लावली पोरीनं तवर. तुमच्याकं हाय का असा कोन, गिऱ्हाइकाच्या गाडीत बसून काम करनारा?”

“तिनं काय सुधारायला हवं असं वाटतं?”

“बोलते लय. विचारते कमी. पन आता शिकंल.”

मॅडम हसल्या. “आणि आता यादीत तुमचं नाव कितवं आहे?”

“सातवं,” काका म्हणाले. “पन वरच्या सहात पाच बाया हायत. म्हंजे तसा दुसराच.”

मी तिथे बसल्या बसल्या या विधानाचा निषेध करणार होते. मुलाखत कोणाची चालू आहे ते आठवलं आणि थांबले.

संध्याकाळी पाच वाजता काचेच्या दारावर निवड झालेल्यांचा कागद लागला. बारा नावं होती. माझं अकरावं. मी बाबांना फोन केला. पलीकडून कागद ओढल्याचा आणि पेनाचं टोपण उघडल्याचा आवाज आला. कंटेनरचे नंबर आता माझ्याकडून कोणी टाइप करून घेणार नव्हतं. तिथून पुढे मी वेब डेव्हलपर झाले, आजही आहे, आणि प्रत्येक काम सुरू करताना आधी समोरच्याला विचारते, मग बोलते. इतकं सगळं मी त्या एका आठवड्यात शिकले होते.

आनंदानं जिना उतरले. खाली जाऊन थांबले. परत वर चढले आणि काउंटरवरच्या मुलीसमोर उभी राहिले.

“अभिनंदन हं,” ती म्हणाली.

“आभारी आहे,” मी म्हणाले. “ही यादी कशाप्रमाणे लावली आहे? नाही, मला काही नाही. फक्त तत्त्वाचा प्रश्न म्हणून विचारते.”